थोरली की धाकटी

प्रिय अहो,

हसू नका. सगळा संसार 'अहो'वर निभावला, आता कागदावर तुमचं नाव घालायला हात वळत नाही. आणि तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली कधी? लग्नाआधी रोज दवाखान्याच्या फाटकाशी उभे, लग्नानंतर रोज घरात. पत्राला जागाच ठेवली नाहीत तुम्ही!

काल प्रज्ञाचा फोन आला. तुमचा पहिला स्मृतिदिन यंदा शुक्रवारी येतोय. सकाळी भन्तेजी येतील, वंदना होईल, दिघाशीहून तुमचे भाऊ-भावजया येतील, जेवणं होतील. आणि संध्याकाळी घरचीच चार माणसं उरली की आपलं ते गाणं लावायचं, असं तुमच्या लेकीने ठरवलंय. सीडी वाजवायचं नवीन यंत्र घेऊन येणार आहे. मुंबईत तिने एक दुकानदार गाठलाय, तो बाहेरून मागवून देतो. पण तो म्हणतो, या एकाच ओरॅटोरिओची, म्हणजे आपल्या त्या गाण्याची, पाच-सहा रेकॉर्डिंगं आहेत, तुम्हाला नेमकं कुठलं हवं? उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.

"आई, बाबांना कुठलं आवडायचं गं?"

मी म्हटलं, "विचारून सांगते."

तिने 'बरं' म्हणून फोन ठेवला. माझं मलाही मागाहून कळलं, मी काय बोलून बसले. पण बोलले ते बोलले. म्हणून दुपारची भांडी तशीच ठेवून कागद घेऊन बसलेय. खाली शेडमध्ये कापडाचे लूम चालू आहेत, टेबल थरथरतंय, अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या. खिडकीतून उन्हाची तिरीप आलीय आणि तिच्यात कापसाची रुई तरंगतेय, वर जात नाही, खालीही येत नाही. अशा वेळी मला नेहमी वाटतं, तुम्ही आत्ताच जिना चढून आलात आणि सदरा झटकलात.

बोट चेचून आला होतात, आठवतं? मी तेव्हा दवाखान्यात नवी नर्स. तुम्ही जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम बरा करणारा माणूस, आणि लूम बरा करता करता स्वतःचंच बोट आत घातलं होतंत! मी मलमपट्टी करत होते आणि माझ्या नादात होते.

"काय गाताय, शिस्टर?"

"छे, कुठे काय!"

"काय न्हाय कसं? तोंड हलतंय ना."

मला काय माहीत, लूमवरच्या माणसाची नजर आधी तोंडावर जाते ते! शेडमध्ये दोनशे लूम एकदम चालतात, तिथे कानाला काही काम नाही. सगळे एकमेकांचे ओठ वाचून बोलतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र वाटलं, काय आगाऊ माणूस आहे! आणि पट्टी जरा जास्तच आवळली.

मी गात होते तो आमच्या बोर्डिंगमधला ओरॅटोरिओ. तो शब्द तुम्हाला कधी नीट उच्चारता आला नाही, शेवटपर्यंत 'तुझा तो रटोरा' म्हणत राहिलात. तुम्हाला समजावताना माझी काय दमछाक झाली! म्हटलं, कीर्तनासारखं असतं, गोष्ट सांगतात, पण बुवा एकटा नसतो. शंभर माणसं उभी राहून गातात. नाटकासारखी पात्रं असतात, पण कोणी हलत नाही, कोणी वेश घालत नाही.

"म्हंजी नाटक हाय, पण नट खुंटीला बांधलेत," तुम्ही म्हणालात.

अगदी तस्सं! मी इतकी हसले की मेट्रन बाहेर आल्या. खरं सांगू? त्या दिवशीच माझं ठरलं होतं. तुम्ही उगाच पुढे कितीतरी दिवस फाटकाशी उभे राहून चपला झिजवल्यात.

तुमच्या आईंना मी ख्रिश्चन म्हणून आवडणार नाही, या धास्तीने मी दिघाशीला आले होते. त्यांनी चहा दिला, नाव विचारलं. मी करुणा म्हटल्यावर तुमच्याकडे वळून म्हणाल्या, "नाव तर बुद्ध भगवंताच्या घरचं हाय. मंग इचारतोस कनाला?" झालं! एवढ्यावर लग्न. लोक पत्रिका बघतात, आमच्या सासूबाईंनी नाव बघितलं.

पण मी बोर्डिंगचं सांगत होते. नगरची थंडी, पहाटे चॅपलमध्ये ओळीने उभ्या मुली, प्रत्येकीच्या तोंडातून वाफ. आमच्या मॅडम पायपेटी वाजवायच्या. ती इतकी जुनी की भात्यात वारा टिकायचा नाही, म्हणून सगळं सावकाश, दम घेत घेत चालायचं. आम्ही समजत होतो, ते गाणंच तसं आहे. मला अजून वाटतं, कुठेतरी त्या मुली उभ्या आहेत, वाफ वर चाललीय आणि मॅडमनी हात वर धरलाय, खाली आणायचा राहिलाय.

मी अल्टोमध्ये. म्हणजे बायकांच्या आवाजात खालची ओळ. सगळी गोड चाल वरच्या मुलींना, आणि आम्ही आपल्या खाली एका सुरावर ठाण मांडून. तुम्हाला हे सांगितलं तर लगेच म्हणालात, "लोक बॉर्डर बघतात, पोत कोन बघतो?" आणि वर, "पोत नसंल तर बॉर्डर लावशील कुटं?" एवढं बोलून विडी पेटवायला निघून गेलात. शाळेत कोणी मला असं सांगितलं नव्हतं.

पण माझा एक राग अजून आहे. नव्या संसारात एका शुक्रवारी, लूम बंद, सगळी गल्ली शांत, तुम्हीच आग्रह केलात, गाऊन दाखव. मी दार लोटून तुमच्यासमोर बसले आणि अल्टो गायले. एकटी. आता अल्टो एकटीने गायली की चाल अशी नसतेच, नुसतं 'ऊं ऊं' करून रडल्यासारखं वाटतं! पाच मिनिटांत शेजारच्या काकू दार ढकलून आत. "काय गं करुणा, माहेरी कोणी गेलं का?"

आणि तुम्ही काय केलंत? गादीवर लोळून हसलात! काकूही हसल्या. मीही हसले. पण नंतर शांततेत मी पुन्हा तोंड उघडलं नाही. तुम्ही दोन-तीनदा म्हणालात, मी 'घसा बसलाय' म्हणून टाळलं. काकू बिचाऱ्या वारल्या, तरी माझा घसा बसलेलाच.

मग तुमचे कान. आधी प्रज्ञाची बारीक हाक तुम्हाला कळेना, मग कुकरची शिट्टी. मीच तुम्हाला ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, लूमवर काम करणाऱ्यांचं हे असंच, नस वाळत जाते, आहे ते हळूहळू कमी होणार, यावर औषध नाही. बाहेर पडलो. धामणकर नाक्यावर ही गर्दी, रिक्षावाले ओरडतायत, हातगाड्यांवर कापडाचे तागे, आणि तुम्ही मधोमध उभे. मला वाटलं, आता रडणार का हा माणूस?

तुम्ही म्हणालात, "तुझा तो रटोरा एकदा पुरा आयकून घ्यावा म्हनतो. कान हायेत तवर."

दुसरं काही मागितलं असतंत तर चाललं असतं. नवीन सायकल, साडी, काहीही. भिवंडीत ओरॅटोरिओ कुठून आणू मी? नाक्यावरच्या कॅसेटवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "कव्वाली में है क्या?"

पण देव ऐकतो. तुम्ही म्हणायचात देवाबिवाचं मला सांगू नको, पण मग एस्तेर कशी आली सांगा? माझी बोर्डिंगची मैत्रीण, दोघींचा बाक एक. ती कायमची परदेशी निघाली होती, भेटायला आली, आणि पिशवीतून काय काढलं? त्याच ओरॅटोरिओची दोन रेकॉर्डिंगं! तिच्या भावाने बोटीवरून आणलेली, दोन डबे, प्रत्येकात कॅसेटी. म्हणाली, "दोन्ही ऐक. एक तुला, एक मला. रविवारी सकाळी येऊन मी दुसरं घेऊन जाते, मंगळवारी माझं विमान." कॉपी करून घ्यावी म्हणून तुम्ही लगेच नाक्यावर पळालात, तर लग्नसराई, कॅसेटवाला म्हणाला पंधरा दिवस लागतील.

एका रेकॉर्डिंगच्या डब्यावर ही एवढी गायक मंडळी, चार रांगा करून उभी, खांद्याला खांदा. दुसऱ्यावर जेमतेम वीस-बावीस. तुम्ही डबे हातात घेऊन म्हणालात, ही थोरली, ही धाकटी. नावं पडली ती पडली.

थोरली आपण शुक्रवारी लावली. म्हटलं, लूम बंद असतात, तुमच्या कानांना निवांत मिळेल. शुक्रवारची भिवंडी आठवतेय ना? आठवडाभर जमीन थरथरत असते, ती एकदम थांबते आणि आपणच जरा हलतोय असं वाटतं. चिमण्या आहेत हे त्याच दिवशी कळतं. बल्ब पांढराफेक, पंखा गरागरा. मी टेप सुरू केला आणि माझं तोंडच उतरलं! ती एवढी मोठी माणसं चिमणीच्या आवाजात, भरभर भरभर! जशी काही त्यांची शेवटची एसटी सुटत होती. माझ्या मॅडमनी हे ऐकलं असतं तर पेटी मिटून निघून गेल्या असत्या. मी म्हटलं, "हे ते नाहीच." तुम्हीही मान हलवलीत.

धाकटी शनिवारी संध्याकाळी लावली. खाली सगळे लूम जोरात, बल्ब पिवळा मंद, पंख्याची पाती मोजता येतील अशी. टेप सुरू झाला आणि काय सांगू! सावकाश, खोल, दम घेत घेत. तेच बोर्डिंग. तीच वाफ. तेवढ्या लूमच्या आवाजातही मला माझी ओळ सापडली, आणि मी कधी गायला लागले ते मला कळलं नाही. खालच्या खडखडाटात माझा आवाज माझा मलाच जेमतेम ऐकू येत होता, मग काकूंना कुठला! मी डोळे उघडले तर तुम्ही माझ्याकडे बघताय. टेपकडे नाही, माझ्याकडे.

"हीच," तुम्ही म्हणालात. "धाकटी."

रविवारी एस्तेर थोरली घेऊन गेली. चहा पिताना म्हणाली, "धाकटी? मला वाटलं तू थोरली ठेवशील, थोरली आपल्यासारखी आहे." मी म्हटलं, "अगं काहीतरीच काय!" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी बोर्डिंग विसरले.

पुढच्या शुक्रवारी हौसेने धाकटी लावली. आणि ती उधळली! थोरलीपेक्षा दुप्पट पळायला लागली. मी रडकुंडीला आले, म्हटलं, कॅसेट बिघडली. तुम्ही टेपकडे पाहिलंत, मग वर पंख्याकडे, मग बल्बकडे. आणि कपाळावर हात मारून घेतलात.

"व्होल्टेज! आगं, व्होल्टेज!"

मग समजावलंत. हजारो लूम एकदम चालतात तेव्हा वीज कमी पडते, सगळंच मंद चालतं, पंखा, लूम, आपला तो रडका टू-इन-वन टेपसुद्धा. शुक्रवारी लूम बंद, वीज भरपूर, सगळं सुसाट. आपण एक रेकॉर्डिंग भरल्या विजेवर ऐकलं आणि दुसरं उपाशी विजेवर, आणि त्यावरून निवाडा केला! एकाच विजेवर तोललं तर सावकाश होती ती थोरली. तीच माझी होती. आणि ती तर मंगळवारीच विमानाने गेली होती.

"जनम गेला माझा ह्याच्यात," तुम्ही म्हणालात, "लूम हळू चालला की मी आदी व्होल्टेज बगतो. आन घरात भुललो!" फसला, भिवंडीचा जॉबर! मी आधी रडले, मग तुमचं तोंड बघून मला इतकं हसू आलं की विचारू नका. गल्लीत कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीत.

पण खरी भांडणं पुढे झाली. माझं म्हणणं साधं होतं. पळते तर पळू दे, पण शुक्रवारी ऐकू, निदान नीट ऐकू तरी येईल. तुमचे कान अधू, त्यात खालून लूमचा मारा, अशात काय ऐकणार तुम्ही? पण नाही! शुक्रवारी टेपला हात लावू द्यायचा नाही. ड्युटीवरून यायचं, हातपाय धुवायचे, बल्ब पिवळा पडला की म्हणायचं, "लाव." समोर भिंतीला टेकून बसायचं.

"अहो, इतक्या आवाजात काय कळतंय?"

"मना कळतंय."

"टेपजवळ तरी बसा!"

"हितंच बरा हाय."

मी मनात म्हणायचे, मुलखाचा हट्टी. पण लूम चालू असले की मलाही बरं वाटायचं, हे कबूल करते. कोणी ऐकत नसायचं. गळा मोकळा सोडून गायचे मी. पदर खोचून, भाकरी थापतासुद्धा. कधी कधी वाटायचं, खाली लूम नाहीतच, खाली आमचं चॅपल आहे, आणि ती जमीन मॅडमच्या पायपेटीने थरथरतेय. कितीतरी संध्याकाळी आपल्या अशा गेल्या. कुठली आधी, कुठली नंतर, आता सांगता येत नाही. सगळ्या मिळून एकच लांब संध्याकाळ वाटते, पिवळ्या उजेडाची.

आणि स्टॅबिलायझर! प्रज्ञाने पहिल्या पगारातून आणला. पोरीने किती कौतुकाने सांगितलं, "बाबा, आता व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी टेप एका वेगाने चालेल, आईची कटकट मिटली." तुम्ही दोन दिवस तो निरखलात आणि तिसऱ्या दिवशी फ्रिजला लावून टाकलात. मी केवढी भडकले! म्हटलं, थंड पाण्याची एवढी काळजी आणि माझ्या गाण्याची नाही? आठवडाभर मी अबोला धरला. तुम्हाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही, म्हणून आणखी चिडले.

शेवटी शेवटी तर मी ओट्याकडे तोंड करून काही विचारलं की तुमचं उत्तरच नाही. मी म्हणायचे, मुद्दाम करतात. वळून तरातरा बोलले की मात्र लगेच उत्तर तयार. मला वाटायचं, बाई चिडली की बरोबर ऐकू येतं यांना!

मग तुम्ही गेलात. त्याबद्दल काही लिहीत नाही. तुम्ही दुपारी आडवे झालात, मी चहा ठेवला. एवढंच.

आणि आता खरी गोष्ट सांगते, म्हणजे मी हे पत्र रागावून का लिहायला घेतलं ते तुम्हाला कळेल. आज दुपारी माझं जेवण झालं आणि इद्रीसभाई आले. तुमच्या शेजारच्या लूमवरचे तुमचे दोस्त, आता तेही थकलेत. त्यांना शुक्रवारचं आवतण दिलं आणि म्हटलं, "इद्रीसभाई, एक बात बताओ. उनको कौनसा रिकॉर्डिंग अच्छा लगता था, आपको कभी बोले थे? प्रज्ञा पूछ रही है."

"भाभी, उनको सुनाई कहाँ देता था?"

मी म्हटलं, "कम सुनाई देता था, मालूम है."

"कम नहीं, भाभी. आखरी के चार-पाँच साल तो कुछ भी नहीं. हम लोग को मालूम था. घर पे मत बोलना, बोले थे, फालतू में रोएगी."

अहो, मी नर्स! मी तुमच्या घरात, तुमच्या ताटासमोर, तुमच्या उशाशी! तुम्हाला काही ऐकू येत नव्हतं आणि मला पत्ता नाही? इतकं छान वाचत होतात माझे ओठ? इद्रीसभाईंनीच मला खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, मग ते गाणं? रोज संध्याकाळी 'लाव' म्हणायचे ते? ते काय ऐकत होते?

इद्रीसभाई हसले. डोळ्यांत पाणी होतं, तरी हसले.

"सुनते नहीं थे, भाभी. देखते थे. दादा हमेशा बोलते थे, मेरी वाली जुम्मे को नहीं गाती, शरमाती है. लूम चालू रहे तभी मुँह खोलती है. और मशीन धीरे चले तो एक एक लफ़्ज़ समझ में आता है."

ते गेले. मी तेव्हापासून इथेच बसलेय.

म्हणजे शुक्रवार नको तो यासाठी. स्टॅबिलायझर फ्रिजला तो यासाठी. टेपजवळ बसायचं नाही, भिंतीला टेकायचं, ते माझं तोंड नीट दिसावं म्हणून. आणि मी त्या वेळी काय करत होते? तुमच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापत होते कितीदा! सांगायचं नाही एकदा, की बाई, जरा इकडे वळून गा? मी वळले नसते का हो? रागावले असते आधी, पण वळले असते!

राग आलाय मला तुमचा. खूप आलाय. असा राग आला की पूर्वी मी तुम्हाला चहा जरा फिका द्यायचे, आता कोणाला देऊ?

आणि राग आलाय तसं आणखीही काही आलंय, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. मघाशी कागदावर डोकं टेकलं आणि क्षणभर डोळा लागला. खाली शेडमध्ये एकही लूम नव्हता. लूमच्या जागी माणसं उभी होती, रांगांवर रांगा, केसांवर रुई, आणि सगळी तोंडं हलत होती, पण आवाज कसलाच नाही. मला मुळीच भीती वाटली नाही. मला त्यांचं सगळं कळत होतं. तुम्हाला असंच दिसायचं का? वर्षानुवर्षं असंच?

तर प्रज्ञाला काय सांगू? बाबांना कुठलं आवडायचं? बाबांचं लक्ष त्यातल्या कुठल्याकडेच नव्हतं गं, बाबांना आई गाताना आवडायची, असं सांगू पोरीला? या वयात? लाज वाटते. पण सांगणार आहे. तिला कळलं पाहिजे तिचा बाप कसा होता.

आणि थोरली मागव म्हणणार आहे. एस्तेरने नेली ती. माझ्या आठवणीसाठी नाही, खरंच नाही. प्रज्ञा म्हणते, सीडीला व्होल्टेजची फिकीर नसते, जशी गायली तशीच वाजते. मग जी मुळातच सावकाश गायली आहे तीच हवी. भरभर गायलं तर ओठ एकमेकांत मिसळतात, वाचणाऱ्याला काही लागत नाही.

आता वचन देते, आणि मी वचन दिलं की पाळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. शुक्रवारी संध्याकाळी लूम बंद असतील. गल्लीत चिमण्यांखेरीज आवाज नसेल. तुमचे भाऊ असतील, इद्रीसभाई असतील, प्रज्ञा असेल, खिडक्या उघड्या असतील. तुमचा फोटो मी भिंतीवरून काढून समोर, माझ्या तोंडाच्या उंचीवर ठेवणार आहे. आणि सगळ्यांसमोर, त्या शांततेत, अल्टो पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणार आहे, एकेक शब्द नीट उघडून. मान वळवणार नाही.

तुमचीच,
करुणा